नदीकाठची औद्योगिक जमीन आणि मिश्र वापर: पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळा, मुठा आणि पवना या नद्यांच्या काठावर जुने कारखाने, गोदामे आणि बंद पडलेल्या शेड आहेत. त्या जागी घरे, कार्यालये आणि दुकाने एकत्र असलेले प्रकल्प उभे राहू लागले आहेत. अशा जमिनींविषयी मालक, घर घेणारे आणि शेजारी राहणारे जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. जेथे नियम सांगितला आहे तेथे तो नियम म्हणूनच वाचावा. जेथे मत दिले आहे तेथे ते मत असल्याचे वाक्यातूनच कळेल.

पुण्याला बंदर नाही. मग औद्योगिक नदीकाठ पुण्यात आला कुठून?

पुण्यात कारखाने नदीकाठी आले ते मालवाहतुकीसाठी नव्हे, तर पाण्यासाठी. कागदाच्या गिरणीला पाणी लागते, कापड रंगवायला लागते, धातूवर मुलामा चढवायला लागते आणि वापरलेले पाणी सोडून द्यायलाही जागा लागते. मुंढव्याची कागद गिरणी एकोणिसाव्या शतकातली आहे. पुणे स्टेशनजवळची राजा बहादूर मिल १८९३ सालची. ती मुळा-मुठेच्या संगमापासून फार लांब नाही. खडकी आणि दापोडीचा पट्टा लष्करी कारखाने आणि मुंबईकडे जाणारा लोहमार्ग यांच्यामुळे वाढला आणि तोही मुळेच्या काठाने पसरला. त्या काळी हा भाग गावाबाहेर होता. पुढे शहर त्याला वळसा घालून पलीकडे गेले आणि कारखान्यांची जमीन मधोमध येऊन बसली. आज या जमिनीला जी किंमत आहे, ती तिच्यावरच्या यंत्रांमुळे नाही. चारही बाजूंना उभ्या राहिलेल्या शहरामुळे आहे, हे पुढचे सगळे प्रश्न वाचताना लक्षात ठेवलेले बरे.

माझ्या जमिनीचा झोन कोणता हे कुठे कळेल?

झोन म्हणजे जमिनीचा ठरवून दिलेला वापर. तो महापालिकेच्या विकास आराखड्यात, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या डीपीत, कळतो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा सध्याचा डीपी राज्य शासनाने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. त्याआधीचा १९८७ चा होता. महापालिकेकडे सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागता येतो. नुसत्या दाखल्यावर थांबू नये. दाखल्यात 'औद्योगिक' एवढा एकच शब्द असतो, पण भाग नकाशावर त्याच जमिनीतून पूररेषा गेलेली असते, काठाला हिरवा पट्टा असतो, एखादा डीपी रस्ता कोपरा कापून जातो आणि कधी सार्वजनिक कामासाठीचे एखादे आरक्षणही बसलेले असते. एक जमीन पाच तुकड्यांत विभागली गेली आहे, हे मालकालाही अनेकदा नकाशा समोर पसरल्यावरच समजते.

जुन्या कारखान्याच्या जमिनीबाबत आणखी एक कागद पाहावा. नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली अनेक उद्योगांना कलम २० नुसार, उद्योग चालवण्याच्या अटीवर, सूट मिळालेली होती. हा कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला, पण त्याखाली दिलेल्या सुटीच्या अटी आपोआप विरघळल्या नाहीत. अशा जमिनीचा वापर बदलताना शासनाची परवानगी आणि अधिमूल्य, म्हणजे शासनाला भरायची जादा रक्कम, हा विषय हमखास येतो. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डाच्या इतर हक्कांच्या रकान्यात त्याची नोंद शोधावी.

औद्योगिक झोनमध्ये घरे बांधण्यासाठी झोन बदलावा लागतो का?

बहुतेक वेळा नाही, आणि नेमके येथेच लोकांची गल्लत होते.

डीपीतला झोन बदलायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाची कार्यवाही करावी लागते. तिच्यात ठराव, जाहीर सूचना, हरकती आणि सूचना मागवणे, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी, असे टप्पे आहेत. परंतु डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने औद्योगिक झोनमध्येच, नियोजन प्राधिकरणाच्या, म्हणजे येथे महापालिकेच्या, पूर्वपरवानगीने, निवासी आणि व्यापारी वापर करण्याची सोय ठेवली आहे. त्यापूर्वीच्या नियमांतही अशी तरतूद होतीच. बांधकाम क्षेत्रात तिला 'आय टू आर' (इंडस्ट्रियल टू रेसिडेन्शियल) म्हणतात. म्हणजे नकाशावरचा जांभळा रंग तसाच राहतो आणि त्याच्यावर टॉवर उभे राहतात.

व्यवहाराच्या दृष्टीने या सोयीत तथ्य आहे. बंद पडलेला कारखाना वर्षानुवर्षे पत्रे गंजत पडून राहण्यापेक्षा तेथे घरे झालेली बरी, आणि प्रत्येक भूखंडासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवायला लावणे हाही काही कारभार नव्हे. पण या सोयीची एक किंमत आहे. कलम ३७ च्या रस्त्याने गेल्यास शेजाऱ्याला आणि नागरिकाला हरकत घेण्याचा कायदेशीर हक्क मिळतो. पूर्वपरवानगीच्या रस्त्याने गेल्यास तो मिळत नाही. शहराच्या एखाद्या भागाचे स्वरूप कायमचे बदलणारा निर्णय एका फाइलवर होतो आणि लोकांना तो कळतो तो कुंपणावर जाहिरातीचा फलक लागल्यावर. जमिनीचा वापर बदलतो तो क्षण असा असतो की शहराला मालकाकडे काही मागता येते: काठावरची सार्वजनिक वाट, परवडणारी घरे, मातीची स्वच्छता, शाळेची जागा. बांधकाम परवाना हातात पडल्यानंतर मागण्यासारखे काही उरत नाही. म्हणून नदीकाठच्या मोठ्या भूखंडांपुरती तरी, कायद्याने बंधन नसले तरी, परवानगीपूर्वी जाहीर सूचना आणि सुनावणी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

निळी रेषा आणि लाल रेषा म्हणजे काय?

या पूररेषा जलसंपदा विभाग ठरवतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराचे पाणी जेथपर्यंत पोहोचते ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदीपात्र ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा आणि निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. पुणे शहरातल्या मुठेसाठी निळी रेषा ६० हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) आणि लाल रेषा १ लाख क्युसेक विसर्गाशी जोडलेली आहे.

'१०० वर्षांतून एकदा' याचा अर्थ आज पूर आला की पुढची ९९ वर्षे निश्चिंती, असा नाही. दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक असते, आणि ती पुढच्या वर्षीही तेवढीच असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून जो प्रलय आला, तो या हिशेबात बसणारा पूरच नव्हता; तो धरणफुटीचा पूर होता. उलट, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास होता, म्हणजे निळ्या रेषेच्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी. धरणाच्या खाली, शहरातच पडणारा पाऊस आणि ओढ्यानाल्यांतून येणारे पाणी विसर्गाच्या आकड्यात दिसत नाही. शिवाय पात्रात भराव पडला, पुलांचे खांब वाढले, की तेवढ्याच पाण्याची पातळी वर जाते. रेषा कागदावर एकदा काढलेली असते. नदीचा काटछेद, म्हणजे पात्राची रुंदी आणि खोली, मात्र दर वर्षी बदलत असतो.

नियमावलीनुसार निळ्या रेषेच्या आत नवी इमारत नाही. बाग, खेळाचे मैदान किंवा मोकळी जमीन एवढाच वापर चालतो. आधीपासून असलेल्या अधिकृत इमारतीचा पुनर्विकास निळ्या रेषेच्या आत करायचा झाला, तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर असावी लागते. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यातही जोत्याची हीच अट आहे.

जुन्या कारखान्यांच्या बाबतीत ही पुनर्विकासाची सवलत जपून वापरली पाहिजे. नदीला खेटून उभी असलेली एकमजली शेड 'अधिकृत अस्तित्वातील इमारत' ठरली आणि तिच्या जागी शेकडो कुटुंबांचा टॉवर आला, तर नियमाची अक्षरे पाळली जातील, पण हेतू पाण्यात जाईल. शेडमध्ये रात्री कोणी झोपत नव्हते.

रेषेला बगल देऊन बांधल्याचे काय होते, याचे उदाहरण शेजारीच आहे. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाकडूनही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली त्यांचे घर गेले.

मिश्र वापर म्हणजे खाली दुकाने आणि वर घरे, एवढेच ना?

पुण्याच्या पेठांना ही कल्पना नवी नाही. लक्ष्मी रस्त्यावर किंवा तुळशीबागेच्या आसपास खाली पेढी, मागे कारखाना आणि वर बिऱ्हाड हेच शतकभर चालत आले. नियमांच्या भाषेत मात्र कोणत्या रस्त्यावर कोणते वापर चालतील हे मुख्यतः रस्त्याच्या रुंदीवरून ठरते: अरुंद रस्त्यावरच्या निवासी भूखंडात किराणा, पिठाची गिरणी, दवाखाना यांसारखे मर्यादित वापर, आणि रुंद रस्त्यावर दुकाने, कार्यालये, उपाहारगृहे, बँका असा मोठा पसारा. म्हणजे पुण्यात मिश्र वापराला झोनची फारशी आडकाठी नाही. आडकाठी वेगळ्याच ठिकाणी आहे.

लाल रेषेच्या आत जोते एवढे उंच घ्यायचे, तर तळमजल्यावर दुकाने चालणार कशी?

या विषयातला सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी चर्चिला जाणारा प्रश्न हाच आहे.

समजा, काठाजवळच्या भूखंडावर लाल रेषेची पातळी जमिनीपेक्षा अडीच मीटर वर आहे. म्हणजे जोते जवळपास तीन मीटरवर जाते. वास्तुविशारद सर्वांत सोपी वाट धरतो: जमिनीच्या पातळीवर नुसते खांब, त्यात पार्किंग, आणि वापरायोग्य मजले त्याच्यावर. नियम पाळला जातो, पुराचे पाणी खांबांमधून वाहून जाते, एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते तो निर्देशांक, तोही वाया जात नाही. पण रस्त्याने चालणाऱ्याला काय दिसते? दोन्ही बाजूंना जाळ्या लावलेले पार्किंग, एक रखवालदाराची खुर्ची आणि डासांनी भरलेला काळोख. नदीकाठचा रस्ता संध्याकाळी सातनंतर ओस पडतो. चहाची टपरीसुद्धा टिकत नाही, कारण थांबायला कोणी नसते. कागदावर प्रकल्प मिश्र वापराचा असतो, पण दुकाने सगळी पलीकडच्या हमरस्त्याकडे तोंड करून बसलेली असतात आणि नदीच्या वाट्याला इमारतीची पाठ येते.

याला उपाय आहेत. जर्मनीत हाम्बुर्ग येथे एल्बे नदीवरच्या जुन्या बंदराच्या १५७ हेक्टर जागेवर हाफेनसिटी हा मिश्र वापराचा भाग वसवला आहे आणि तो मुख्य पूरसंरक्षक बांधाच्या बाहेर आहे. तेथे इमारती आणि मुख्य रस्ते समुद्रसपाटीपासून सुमारे ८ ते ९ मीटर उंचीच्या चौथऱ्यांवर घेतले, चौथऱ्यांच्या पोटात पार्किंग ठेवले आणि काठावरचे पादचारी मार्ग खालच्या पातळीवरच, अधूनमधून बुडतील असे, ठेवले. खालच्या दुकानांना पूर आला की बंद करता येतील अशी दारे आहेत. तेथली भरती-ओहोटी आणि वादळी लाट यांचे गणित आपल्या मुळा-मुठेला लागू नाही. शिकण्यासारखी गोष्ट एवढीच की तेथे उंची एकेका इमारतीने नव्हे, रस्त्यासकट सगळ्या वस्तीने एकत्र घेतली. त्यामुळे फुटपाथ आणि दुकानाचा उंबरठा एका पातळीत आले.

अर्थात सगळी वस्ती उचलायची म्हणून नदीच्या नियंत्रित पट्ट्यात भराव टाकणे हा आपल्याकडे उपाय होऊ शकत नाही. तेवढे पाणी समोरच्या काठावर किंवा खालच्या गावात जाईल. पुण्यात शक्य असलेला मार्ग म्हणजे लाल रेषेच्या बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर दुकानांची अखंड रांग बंधनकारक करणे, नदीच्या बाजूला खांबांमधल्या जागेत कायमचे बांधकाम न करता हलवता येईल असा बाजार किंवा खेळाची जागा ठेवणे आणि पार्किंग त्या दर्शनी पट्ट्यातून हद्दपार करणे. हे सध्याच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेले नाही. ते लिहावे लागेल, कारण न लिहिता आपण होऊन कोणी करत नाही.

एफएसआय किती मिळतो?

मूळ एफएसआय साधारणपणे १.१०, त्यावर रस्त्याच्या रुंदीनुसार अधिमूल्य भरून मिळणारा आणि टीडीआरने, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरून विकत घेतलेल्या बांधकाम हक्काने, येणारा. शिवाय जिने, लिफ्ट, बाल्कनी वगैरेंसाठी पूरक क्षेत्र, ते निवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत आणि अनिवासी वापराला ८० टक्क्यांपर्यंत. मेट्रो स्थानकाजवळच्या पट्ट्यात मोठ्या रस्त्यांवर एकूण एफएसआय ४ पर्यंत जाऊ शकतो.

आता नकाशा आठवा. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मार्ग दापोडी आणि बोपोडीच्या मध्ये मुळा ओलांडतो. वनाझ ते रामवाडी मार्ग बंडगार्डनजवळ मुळा-मुठा ओलांडतो. म्हणजे मेट्रोचे धोरण ज्या काही ठिकाणी दाटी वाढवा म्हणते, तेथेच पूररेषेचे धोरण दाटी आवरा म्हणते. दोन्ही नियम आपापल्या जागी योग्य आहेत. परंतु परवाना देणाऱ्या टेबलावर ते वेगवेगळ्या कागदांवर येतात आणि पूररेषेचा कागद फक्त जोत्याची उंची विचारतो. त्या जोत्यावर किती माणसे राहतील आणि पुराच्या रात्री ती कोणत्या रस्त्याने बाहेर पडतील, हे तो विचारत नाही.

काठावरचा हरित पट्टा मालकाच्या हातून जातो का?

मालकी जात नाही, बांधकाम जाते. हरित पट्ट्याचे क्षेत्र मालकाच्या उरलेल्या जमिनीत मिळवून त्याचा एफएसआय तेथे वापरता येतो; मात्र पट्टा कायम झाडांखाली ठेवण्याची अट असते. मालकाला हा सौदा वाईट नाही. सार्वजनिक दृष्टीने एक उणीव राहते: झाडे लावली म्हणून पट्टा लोकांना खुला होत नाही. सोसायटीचे कुंपण नदीपर्यंत गेले आणि 'रिव्हर व्ह्यू' फक्त आतल्यांना मिळाला, तरी अट पाळलीच जाते. काठावरून सलग चालता यावे असे वाटत असेल तर परवानगी देतानाच सार्वजनिक वाटेचा हक्क नोंदवून घ्यावा लागतो.

नदीकाठ सुधार प्रकल्पामुळे काठच्या जमिनींचा झोन आपोआप बदलला आहे का?

नाही. हा प्रकल्प मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीचा आहे आणि त्याचे भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झाले. बंडगार्डन ते मुंढवा हा टप्पा आधी हाती घेतला गेला. बांध, घाट, पादचारी मार्ग ही त्यातली कामे आहेत. त्यामागच्या जमिनीचा वापर डीपी आणि नियमावलीच ठरवतात. पण किमती कोणी नियमावली वाचून ठरवत नाही. काठ सजणार ही बातमी आली तेव्हाच मागच्या जमिनींचे भाव हलले.

प्रकल्पाविषयी झाडे, पात्राची रुंदी आणि पुराची पातळी यांवरून नागरिक संघटनांनी घेतलेले आक्षेप सर्वज्ञात आहेत. झोनिंगच्या अंगाने एवढेच म्हणता येईल की बांध घातला म्हणून पूररेषा आत सरकवून नवी जमीन बांधकामाला मोकळी करण्याचा मोह टाळला पाहिजे. आणि सांडपाणी थांबल्याशिवाय काठाला घाट बांधून उपयोग नाही. जपानच्या अर्थसाहाय्याने मंजूर झालेली ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे याच कारणासाठी आहेत. उन्हाळ्यात जलपर्णीने भरलेल्या पात्राकडे तोंड करून कॉफी प्यायला कोणी बसत नाही.

बंद कारखान्याच्या कामगारांचे देणे थकले असेल तर?

तर परवानगी मिळायला नको. बंद उद्योगाच्या जमिनीवर निवासी किंवा व्यापारी वापर करू देण्यापूर्वी कामगारांची सर्व कायदेशीर देणी दिली गेली आहेत, किंवा व्यवस्थापन आणि कामगार यांच्यात समाधानकारक तडजोड झाली आहे, असे कामगार आयुक्तांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ज्या जमिनीवर कधी उद्योगच नव्हता तिला ही अट नाही. कामगारांनी किंवा त्यांच्या वारसांनी देणी बाकी असल्यास कामगार आयुक्त कार्यालयात आणि महापालिकेच्या बांधकाम विभागात, दोन्हीकडे, लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

जुन्या कारखान्याची माती विषारी असू शकते का?

असू शकते, आणि पुण्यात हा विषय फार उशिरा काढला जातो. मुलामा चढवण्याच्या छोट्या कारखान्यात क्रोमियम, निकेल आणि सायनाइडची द्रावणे वापरली जातात; यंत्रशाळेत कटिंग ऑइल आणि ग्रीस; ट्रान्सफॉर्मरच्या चौथऱ्याखाली जुने तेल. फरशी फुटकी असेल तर हे सगळे वर्षानुवर्षे खाली मुरते. नदीकाठी भूजल उथळ असते आणि त्याचा प्रवाह बहुधा नदीकडे असतो, त्यामुळे मातीत मुरलेले पुढे पाण्यात जाते. पाया खोदताना हिरवट-पिवळी माती निघाली तर ती डंपरने दुसऱ्या गावच्या खड्ड्यात टाकणे हा उपाय नाही. तेथे ती दुसऱ्याच्या विहिरीत उतरते.

करायचे ते असे. कारखान्याच्या जुन्या नकाशावरून टाक्या, ड्रेन आणि रसायनांचे गोदाम कोठे होते हे काढावे, त्या जागी बोअर घेऊन माती आणि भूजल दोन्हींचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावेत आणि घातक कचऱ्याची विल्हेवाट २०१६ च्या नियमांप्रमाणे अधिकृत स्थळीच करावी. केंद्र शासनाने २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले आहेत, त्यामुळे प्रदूषण करणाऱ्यावर सफाईची जबाबदारी टाकण्याला आता ठोस आधार आहे. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागतेच. त्या अर्जात मातीचा अहवाल जोडलेला आहे का, हे कोणीही पाहू शकते. शेडची शेवटची यंत्रे भंगारात जाण्यापूर्वी तपासणी झाली तर बरे, कारण फरशी उखडली की कोणता डाग कोठे होता हे सांगणारे कोणी उरत नाही.

शेजारचा कारखाना अजून चालू आहे. त्याचे काय?

औद्योगिक झोनमध्ये घरे बांधताना उद्योग आणि घरे यांच्यातले विलगीकरणाचे अंतर नव्याने येणाऱ्याने, स्वतःच्या जमिनीत, सोडायचे असते. हा नियम न्याय्य आहे. मुंढव्यात फोर्जिंगचे मोठे कारखाने आजही चालतात; हातोड्याची धमक जमिनीतून पोहोचते आणि ती कुंपणाने अडत नाही. सदनिका घेतल्यावर दोन वर्षांनी 'कारखाना हलवा' म्हणून अर्ज करणे म्हणजे आधीपासून असलेल्याला हुसकावणे होय. चालू उद्योग, त्यातला रोजगार आणि कामगाराला सायकलवरून गाठता येणारे काम हीसुद्धा शहराची गरज आहे. काठावरचा प्रत्येक कारखाना घरांना जागा करून देण्यासाठीच उभा होता, असे मानण्याचे कारण नाही. मिश्र वापरात हलके उत्पादन, दुरुस्ती, छपाई, शिवणकाम यांनाही जागा असली पाहिजे. पुण्याच्या प्रकल्पांत 'मिश्र' म्हणजे घरे, आयटी कार्यालये आणि उपाहारगृहे एवढेच उरते.

एमआयडीसी आणि कॅन्टोन्मेंटमधल्या जमिनींना हेच नियम लागू आहेत का?

नाहीत. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत महामंडळच नियोजन प्राधिकरण आहे, जमीन भाडेपट्ट्याची आहे आणि नियमावली वेगळी आहे. खडकी आणि पुणे कॅन्टोन्मेंटची जमीन संरक्षण खात्याच्या व्यवस्थेत येते. नदी एकच असली तरी तिच्या काठावर असे चार-पाच कारभारी आहेत.

परवडणाऱ्या घरांचे बंधन आहे का?

आहे. मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या निवासी प्रकल्पात मूळ एफएसआयच्या किमान २० टक्के क्षेत्र आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांच्या लहान घरांसाठी ठेवावे लागते.

मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींतून पुण्याने काय घ्यावे?

मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ चा मूळ हिशेब सोपा होता: एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि ही वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीऐवजी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या भागाला लागू झाली. शेडखालची जमीन हिशेबातून निसटली, आणि गिरणी म्हणजे बहुतांश शेडच. प्रकरण न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये बदललेला नियम वैध ठरवला. व्याख्येतल्या एका बदलाने सार्वजनिक वाटा किती आटू शकतो, ते लोअर परळला जाऊन पाहता येते. पुण्यात काठावरच्या जमिनींसाठी वेगळे नियम कधी झाले, तर 'एकूण क्षेत्र' म्हणजे काय ही ओळ सर्वांत आधी वाचावी.

पुण्यात राजा बहादूर मिलच्या आवारात जुन्या दगडी आणि कौलारू इमारती ठेवून उपाहारगृहे आणली गेली, हेही विसरू नये. खानपानाच्या पलीकडे त्यात शहराला काय मिळाले हा वादाचा मुद्दा आहे, पण जुनी शेड पाडलीच पाहिजे असे नाही, एवढे तरी त्यातून दिसते.

हरकत कधी आणि कशी घ्यावी?

कलम ३७ चा फेरबदल किंवा नवा प्रारूप आराखडा असेल तर सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ठरलेल्या मुदतीत, लेखी. सर्व्हे नंबर, नकाशाचा भाग आणि नेमकी मागणी लिहावी. 'नदी वाचवा' एवढेच लिहिलेली हजार छापील पत्रे एका गठ्ठ्यात निकाली निघतात. 'भाग नकाशावर दाखवलेली निळी रेषा जलसंपदा विभागाच्या नकाशाशी जुळत नाही' हे एक वाक्य सुनावणीत उत्तर मागते. पूर्वपरवानगीच्या प्रकरणात हरकतीची सोय नसल्याने माहिती अधिकारात ले-आउट, पूररेषेचा दाखला आणि कामगार आयुक्तांचे पत्र मागवावे. पर्यावरण मंजुरीची कागदपत्रे संकेतस्थळावर असतात.

अशा प्रकल्पात घर घेताना काय पाहावे?

महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर ले-आउट उघडून त्यावर निळी आणि लाल रेषा दाखवली आहे का, हे आधी पाहावे. रेषा नसेल तर विक्री कार्यालयातल्या माणसाला विचारत बसू नये. भाग नकाशा स्वतः काढावा. जोत्याची पातळी मीटरमध्ये विचारावी आणि लाल रेषेची पातळी त्याच्या शेजारी लिहून घ्यावी. तळघरात पार्किंग असेल तर पंप कोठे आहेत आणि जनरेटर कोणत्या मजल्यावर आहे, हे बघावे. जनरेटरच तळघरात असेल तर पुराच्या वेळी पंप, लिफ्ट आणि पिण्याचे पाणी एकदमच बंद पडतात. काठाकडची मोकळी जागा सोसायटीची की महापालिकेची, तिची देखभाल कोण करणार, मातीचा अहवाल कोठे आहे आणि विकला जाणारा टॉवर पहिल्याच टप्प्यात आहे की बाजारपेठेचा टप्पा 'भविष्यात' दाखवून फक्त घरे बांधली जाणार आहेत, हे करारनाम्यावर सही करण्यापूर्वी विचारावे. एकदा पावसाळ्यात, खडकवासल्यातून पाणी सोडले असेल त्या दिवशी, जागेवर जाऊन यावे. भोगवटा पत्राशिवाय, म्हणजे इमारत वापरण्यास महापालिकेने दिलेल्या दाखल्याशिवाय, ताबा घेऊ नये.